डोंगराचे घोडे

नानांनी मला खोली दिली ती माझ्या गावाच्या नावावर.

जळगावात भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीच्या कामावर मी नवी रुजू झाले होते आणि खोली शोधत फिरत होते. लोक आधी नाव विचारत, मग आडनाव, आणि आडनाव कळलं की खोली कालच दिली गेलेली असे. नानांनी दार उघडलं आणि नाव, आडनाव, नोकरी यातलं काहीच न विचारता म्हणाले, "गाव कोणतं?"

"मांडळ. अमळनेर तालुका."

ते दारातच थांबले. डोळे मिटून पुटपुटले, "म, न, द, ल. अरबीत ड नाही, ळ तर नाहीच. मंदल लिहिणार तो अरब." मग डोळे उघडून गंभीरपणे विचारलं, "मंदल नावाची एक जागा त्यांच्या पुस्तकांत आहे. तिथून अगरूचं सुगंधी लाकूड येतं म्हणतात. तुमच्याकडे अगरू होतो का?"

"बाभळी होतात," मी म्हणाले.

"मग ते तुम्ही नव्हे," ते खट्टू होऊन म्हणाले, आणि आत वळून ओरडले, "अक्का, माडीवरची खोली मांडळला दिली गं!"

त्या दिवसापासून मी त्या घरात मांडळ झाले. नाना कुणालाच नावाने हाक मारत नसत. दूधवाला आसोदा होता, कपडे इस्त्री करणारा नशिराबाद होता. त्यांच्या मते माणसाचं नाव आईबाप हौसेने ठेवतात, त्यावरून काही कळत नाही. गावाचं नाव मात्र शेकडो तोंडांतून घासून घासून आलेलं असतं. घरात फक्त अक्का अक्काच होती. ती त्यांची थोरली विधवा बहीण. तिचं माहेर आणि नानांचं गाव एकच, त्यामुळे हाक मारायची पंचाईत झाली असती.

नाना कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. लग्न केलं नव्हतं. उंच, वाकलेले, हिवाळा-उन्हाळा पायांत कॅनव्हासचे बूट, धोतरावर सुद्धा. निवृत्तीच्या बरीच वर्षं आधी त्यांच्या हाती एका अरब व्यापाऱ्याच्या जुन्या प्रवासवर्णनाची छापील प्रत लागली होती, म्हणजे तिची झेरॉक्स. हजारभर वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या त्या व्यापाऱ्याने इथल्या राजांची माहिती लिहून ठेवली होती. मोठ्या राजांची पानंच्या पानं होती. त्यांत अधेमधे, श्वास घ्यायला थांबावं तशा चार ओळी एका लहान राज्याच्या. नाव बरवन. बंदरातून निघून काही मजला गेलं की लागतं. तिथे कापड आहे, मध आहे, लाख आहे. त्या राज्याची सगळी संपत्ती डोंगरातून येते. आणि तिथे परका व्यापारी मेला तर त्याच्या मालाला राजा मोहोर लावून ठेवतो, वारस येईपर्यंत कुणाला हात लावू देत नाही.

हे शेवटचं वाक्य नाना वाचायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. "मांडळ," ते म्हणायचे, "लढाया केलेले राजे पुष्कळ आहेत. परक्याचं गाठोडं सांभाळणारा राजा बघा. आणि तो कुठे होता हे कुणाला माहीत नाही!"

ते राज्य शोधायचं त्यांनी ठरवलं. त्यासाठी पन्नाशीनंतर ते अरबी शिकले. शिकवणारे मौलवीसाहेब धुळ्याला राहत. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी जायबंदी, पण जिभेने तल्लख. दर रविवारी सकाळची एसटी धरून नाना धुळ्याला जात आणि संध्याकाळी परत येत. मौलवीसाहेबांचे पूर्वज बुऱ्हाणपूरचे, म्हणून नानांच्या तोंडी ते बुऱ्हाणपूर. "आज बुऱ्हाणपूरने मला दोनदा मूर्ख म्हटलं," असं परत आल्यावर ते समाधानाने सांगत. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले होते. दोघं एका शब्दावरून इतके भांडले, की मौलवीसाहेबांच्या सूनबाई चहा घेऊन दारातच उभ्या राहिल्या. भांडण संपल्यावर मौलवीसाहेब मला म्हणाले, "बेटी, ये आदमी जवानी में आता तो मैं इसको हाफिज बना देता. अब सिर्फ सरदर्द बना सकता हूँ."

अरबी लिपीतल्या ठिपक्यांनी नानांना झपाटलं होतं. त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं. अक्षराचं अंग एकच, ठिपका खाली दिला की ब, वर दिला की न, वर दोन दिले की त. जुने लेखनिक घाईत ठिपके गाळायचे, मग पुढचा माणूस आपल्या अकलेने ते भरायचा. त्यामुळे नानांना प्रत्येक गोष्टीत ठिपक्यांचा संशय येई. शेजारच्या मुलीने आईबापांना न सांगता लग्न केलं, ती कशी पळाली हे अक्का रंगवून सांगत होती. नानांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "ती गेली एवढं खरं. पळाली, हा ठिपका कोणी दिला?" अक्का चिडली. पण त्यानंतर माझ्या ऑफिसात कुणी कुणाबद्दल काही सांगू लागलं, की मलाही ठिपके दिसू लागले.

मजल म्हणजे नक्की किती, हा त्यांचा दुसरा छळ. लादलेलं जनावर दिवसभरात किती चालतं ते पुस्तकातून कळेना. मग एका हिवाळ्यात सोनगीरजवळ काठेवाडी गुराख्यांचा तांडा उतरलेला त्यांना एसटीतून दिसला आणि ते तिथेच उतरले. उंटांवर बाजा, भांडी, कोंबड्या लादून तांडा उत्तरेला निघाला तसे नानाही बूट आवळून निघाले. तांड्यातल्या म्हाताऱ्याने बराच वेळ त्यांच्याकडे बघून विचारलं, "काका, शुं खोवायुं छे?" काय हरवलंय?

"राज्य," नाना म्हणाले.

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि त्यांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी पाय सुजून नाना घरी आले तेव्हा अक्काने त्यांना नाही नाही ते ऐकवलं. गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसलेले नाना मात्र खुशीत होते. मजल उंटाच्या पायांवर नसते, उंटाच्या भुकेवर असते, असा शोध लागला होता. जिथे हिरवी बाभूळ तिथे उंट थांबतो. "म्हणजे माझं सगळं गणित चुकलं!" ते आनंदाने म्हणाले. चुकल्याचा आनंद झालेला असा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

बरवन त्यांना सापडलं ते शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. बोरवण नावाचं लहान गाव. अर्धी वस्ती आदिवासी, अर्धी खाली तापीकाठून वर आलेली. कोरडवाहू कापूस आणि तूर, उन्हाळ्यात मोहाची फुलं, डिंक आणि दूरदेशीची मजुरी. गावाच्या पाठीशी पांढरीचं मोठं टेकाड होतं. जुन्या वस्तीच्या जागेची माती पांढुरकी, राखेसारखी होते, तिला आपल्याकडे पांढर म्हणतात. पावसाने टेकाड धुपलं की त्यातून खापरं निघत, बोटभर विटांचे तुकडे निघत, कधी लाल दगडाचे मणी.

मी रजा काढून नानांबरोबर पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा ते आधीच गावचे झालेले होते. दर गुरुवारी जात. एसटीतून उतरताच मुलं "नाना उना, नाना उना", नाना आले, असं ओरडत पुढे पळाली. आम्ही सरपंचबाईंच्या ओट्यावर बसलो. पन्नाशीच्या, काटक, कपाळावर मोठं गोंदण. त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. माझ्याकडे बघून नानांना म्हणाल्या, "नाना, हाई कोन?"

"ही मांडळ. जमीन मोजते."

"मोजू द्या तिले. पन पह्यले खाऊ द्या."

मग नाना मला टेकाडावर घेऊन गेले. समोर सातपुडा निळाजांभळा पसरलेला. त्यांनी हात लांब केला. "उत्तरेला डोंगर. मध, लाख, सगळं तिथून खाली येणार. दक्षिणेला तापी, तिच्या काठाने वाट थेट समुद्रापर्यंत. आणि नाव बघा, बरवन, बोरवण. एवढं सगळं जुळतं, मांडळ, तेव्हा मला भीती वाटते." मी म्हणाले, भीती कसली, आनंद व्हायला हवा. मी टेप लावून टेकाडाची लांबी-रुंदी घेऊ लागले आणि सरपंचबाईंनी टेपचं दुसरं टोक धरलं.

पूर्वी गावचे लोक या टेकाडाची माती न्यायचे. धाब्याच्या छपरावर टाकायला, शेतात खत म्हणून. ट्रॅक्टर आल्यापासून ती विकलीही जाऊ लागली होती. नानांनी घरोघरी जाऊन तुमच्या गावात हजार वर्षांपूर्वी राज्य होतं, दूरदेशीचे व्यापारी इथे निर्धास्त माल ठेवून जात, हे सांगितलं. लोकांना प्रथम हसू आलं. मग हळूहळू ते ताठ झाले. सरपंचबाईंनी ग्रामसभेत ठराव करून घेतला, की टेकाडाची एक टोपली माती कुणी उचलायची नाही. ठेकेदार आले, त्यांना हात हलवत परत जावं लागलं. बाजाराला गेलेली बोरवणची पोरं शिरपूरच्या पोरांना "आम्ही राजधानीचे" असं म्हणू लागली होती. आठवडी बाजारात आजवर ज्यांना कुणी नीट गाव विचारलं नव्हतं, त्यांच्या तोंडी ते ऐकताना मला बरं वाटे. आडनाव ऐकून परत फिरवलं जाणं म्हणजे काय ते मला माहीत होतं.

मग घोडे आले.

एका दुपारी आमच्या दारापाशी रिक्षा थांबली आणि तीतून नातीचा हात धरून मौलवीसाहेब उतरले. इतक्या वर्षांत ते कधी जळगावला आले नव्हते. गुडघे त्यांना एसटीची पायरी चढू देत नव्हते. अक्का धावत पाणी घेऊन आली. नाना इतके हरखले की त्यांना बसायला सांगायचंच विसरले. मौलवीसाहेब आपणहून खुर्चीत टेकले, घाम पुसला आणि म्हणाले, "नाना, मेरी पोती ने कुछ निकाला है. मैंने बहुत सोचा, दिखाऊँ के नहीं."

नात कॉलेजात शिकत होती. त्या प्रवासवर्णनाची मूळ हस्तलिखित पोथी परदेशातल्या कुठल्याशा ग्रंथालयात होती. तिची पानं आता इंटरनेटवर टाकली होती. ती त्या पोरीने हुडकली होती. तिने मोबाइल नानांच्या हातात दिला. त्या चार ओळी. नानांनी ते पान इतकी वर्षं फक्त छापील पाहिलेलं. जुनी शाई पाहूनच त्यांचे डोळे भरले.

"तिसरी ओळ," मौलवीसाहेब हळूच म्हणाले.

नानांनी बोटांनी पान मोठं केलं. अजून मोठं केलं. मी त्यांच्या खांद्यामागून बघत होते, मला त्यातलं काही कळत नव्हतं.

"ठिपका वर आहे," नाना म्हणाले.

"हाँ."

"आणि मधल्या अक्षराखाली दोन आहेत."

"दो हैं. साफ हैं."

अक्काने विचारलं, "काय झालं काय?"

मग ती नातच आम्हाला समजावू लागली. जबल म्हणजे डोंगर. खैल म्हणजे घोडे. अक्षरांची अंगं तीच, ठिपके वेगळे. पुस्तक छापणाऱ्या विद्वानाने ते जबल वाचलं होतं आणि तसंच छापलं होतं. पोथीत खैल होतं. त्या राज्याची संपत्ती डोंगरातून येत नव्हती, घोड्यांपासून येत होती. आणि त्या काळी अरबांचे घोडे जहाजांतून येत. म्हणजे ते राज्य बंदरापासून किनाऱ्याकिनाऱ्याने काही मजला, समुद्राला लागूनच कुठेतरी होतं.

"मग एवढं काय?" अक्का म्हणाली. "डोंगर काय पळून गेला?"

"पळाला, अक्का," नाना म्हणाले. "माझा पळाला."

अडचण अशी होती की बोरवणला पुढच्याच आठवड्यात कार्यक्रम ठरलेला होता. तालुक्याचे साहेब येणार होते, टेकाडाला कुंपण मिळायची शक्यता होती. शाळेतल्या मुलांनी त्या राजाचं नाटक बसवलं होतं आणि नाना प्रमुख पाहुणे होते. मौलवीसाहेबांनी त्यांचा हात धरला. "फंक्शन हो जाने दो. बाद में देखेंगे. एक नुक्ते के लिए इतने लोगों का दिल मत तोडो." अक्काही तेच म्हणाली. मी म्हटलं, "नाना, टेकाड तर खरं आहे ना? मणी खरे आहेत, विटा खऱ्या आहेत. तिथे कोणीतरी होतंच."

"होतंच," नाना म्हणाले. "पण जे होते त्यांचं नाव मला माहीत नाही. मी त्यांच्या अंगावर दुसऱ्याचं नाव घातलं. आता तेच नाव मुलं पाठ करताहेत, मांडळ. लहानपणी पाठ केलेलं पुसता येत नाही. मी शिक्षक होतो, मला ठाऊक आहे."

आम्ही कार्यक्रमाला गेलो. मौलवीसाहेब आले नाहीत. शाळेच्या पटांगणात मांडव होता. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. नाटक झालं. पुठ्ठ्याचा मुकुट घातलेल्या राजाने परक्या व्यापाऱ्याच्या गाठोड्यावर मोहोर लावली आणि टाळ्या पडल्या. मग नाना उभे राहिले.

त्यांनी फळा मागितला. फळ्यावर तो शब्द दोनदा लिहिला, एकदा खाली ठिपका देऊन, एकदा वर. वर्गात शिकवावं तसं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तेव्हा बरवन इथे नव्हतं. ते मी चुकीचं सांगितलं. पुस्तकातली चूक छापणाऱ्याची होती, पण ती तुमच्या दारात मी आणली. मला माफ करा. तुमच्या टेकाडात काय आहे ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. म्हणून तर ते जपा."

शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. मागे कोणीतरी हसलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, शेजारच्याच्या कानात काही सांगितलं आणि पुढच्या गावचं काम आहे म्हणून उठले. पुठ्ठ्याचा मुकुट घातलेला मुलगा अजून मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. त्याने मुकुट काढावा की नाही हे त्याला कळत नव्हतं.

सरपंचबाई मात्र शाल-नारळ घेऊन पुढे आल्या. नानांनी नारळ घेतला, शाल घेतली नाही. हात जोडून म्हणाले, "ही त्या राज्याची होती. माझी नाही." बाई शाल तशीच हातावर घेऊन उभ्या राहिल्या. परतीच्या एसटीत नाना खिडकीला टेकून बसले होते. चोपडा आल्यावर म्हणाले, "बाईंचा चेहरा पाहिलात? आता त्या मला ओट्यावर बसू देणार नाहीत." मी म्हटलं, तसं काही नाही. पण माझ्याही मनात तीच शंका होती.

त्याच उन्हाळ्यात माझी बदली नंदुरबारला झाली. पुढचं मला फोनवर अक्काकडून तुकड्यातुकड्याने कळत गेलं. नानांचे बोरवणचे गुरुवार बंद झाले. सरपंचबाईंची मुदत संपली. नव्या पंचायतीला जुना ठराव पाळायचं कारण वाटलं नाही. खालून नवा रस्ता येत होता, त्याच्या भरावाला माती हवी होती. पावसाळ्याआधी जेसीबी लागला आणि पाऊस पडेपर्यंत टेकाड रस्त्याखाली गेलं होतं. खोदताना पक्क्या विटांची लांब भिंत लागली आणि तिच्याकडेने ओळीने पुरलेले मोठाले रांजण. कुणाचे, कशाचे, ते बघायला थांबायला कुणाला वेळ नव्हता.

ही बातमी नानांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचली. अक्का सांगते, त्यांनी ते पान घडी करून बाजूला ठेवलं, जेवले, आणि हात धुताना म्हणाले, "खोटं नाव होतं तोवर उभं होतं गं. खरं बोललो आणि पडलं."

मौलवीसाहेबांनी परोपरीने प्रयत्न केला. किनाऱ्यावरची जुनी बंदरं काढू, घोड्यांचा व्यापार काढू, नवं शोधू, म्हणून निरोप पाठवले. नातीकडून पानं छापून पाठवली. नानांनी उत्तर दिलं की मला घोड्यांतलं काही कळत नाही. रविवारचं धुळ्याला जाणं मात्र त्यांनी सोडलं नाही. पण तिथेही ते आता भांडत नसत. मौलवीसाहेब सांगतील त्या अर्थाला मान डोलावत. "वो झगडा करता था तब जिंदा था," मौलवीसाहेब मला नंतर म्हणाले. "मैंने उसको फोन दिखाया उस दिन मेरा शागिर्द चला गया." ते म्हणताना त्यांनी आपल्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले होते, जणू त्या दिवशी ते चालू शकले हाच त्यांचा गुन्हा.

नाना गेले ते मागच्या वर्षी, थंडीत. बसल्या जागी. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अक्काने मला माडीवरच्या माझ्या जुन्या खोलीत नेलं. तिथे पोती होती, बोरवणच्या खापरांची. मग खाली आल्यावर चहा ठेवताना तिने, सहज सांगावं तसं, सांगितलं. शेवटची दोन-तीन वर्षं दर गुरुवारी नाना सकाळी अंघोळ करून बूट घालायचे. दाराच्या पायरीवर बसून लेस बांधायचे. बोरवणच्या एसटीची वेळ होईपर्यंत तिथेच बसायचे. वेळ टळून गेली की लेस सोडायचे आणि आत यायचे.

"मी म्हणायचे, अरे जा ना, बघून ये. तर म्हणायचा, कोणत्या तोंडाने जाऊ? त्यांचं टेकाड माझ्यापायी गेलं. मला बघून त्यांना फक्त तेच आठवणार." अक्काने गाळणं कपावर धरलं. "हट्टी होता. लहानपणापासून हट्टी."

यंदा माझी शिरपूरला बदली झाली. पाऊस संपल्यावर बोरवणचं एक मोजणीचं काम माझ्याकडे आलं, दोन भावांची वाटणी. टेकाड होतं ती जागा मला पटकन ओळखता आली नाही. तिथे आता सपाट जमिनीवर कापूस होता, बोंडं फुटायला आलेली. माती अजून पांढुरकी होती. काम संपवून मी माजी सरपंचबाईंच्या घरी गेले. त्या ओट्यावर तूर निवडत होत्या. केस पांढरे झाले होते. मला पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पहिली विचारली ती नानांची खुशाली, "नाना कशा शेतस?"

त्यांना कळलंच नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "आम्हाले वाटनं नानाले आते आमनं काय काम? राज्य नही, तं येवानं कारन नही. शाल बी घेतली नही त्यासनी."

मी टेकाडाचं विचारलं. त्यांनी हात झटकला. "राज्यकरता थांबेल व्हतं का कोनी? गावले राज्यानं काय कवतिक? नाना येत व्हते. दर गुरुवारे मानूस येस, टेकाडवर चढस, मुठभर माती हातमा धरस, पोरेसले दखाडस. त्या मानूसनी समोर माती उपसाले शरम वाटे. त्या येवाना बंद झायात, मंग शरम कशानी ऱ्हायनी?"

अक्काकडून ऐकलं होतं तसं मी त्यांना सांगितलं. बूट, पायरी, गुरुवार. नानांना वाटत होतं की तुम्ही त्यांच्यावर रागावलात.

"हाई कोनी सांगं त्यासले?"

"कोणी नाही. त्यांनाच वाटलं."

सरपंचबाईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. पण त्या निवडत नव्हत्या. तुरीवरून नुसता हात फिरवत होत्या. रस्त्याने शिरपूरची गाडी आली, थोडी थांबली आणि धूळ उडवत निघून गेली. धूळ बसेपर्यंत त्या तिकडे बघत राहिल्या.

"एसटी तं रोज येत व्हती, ताई," त्या म्हणाल्या.